जुडगा

गाडीची चावी आत अडकली, हे वाक्य मी त्या दिवशी निदान पन्नास जणांना सांगितलं असेल आणि त्यातल्या चाळीस जणांनी एकच विचारलं, म्हणजे गाडी लॉक झाली अन् चाबी आतमंदी राह्यली का? नाही हो बाप्पा. गाडी उघडी आहे, मी आतच बसलेली आहे, चावी जिथं असायला पाहिजे तिथंच आहे, सेल मारला की गाडी सुरू होते, बंद केली की बंद होते, फक्त ती चावी बाहेर निघत नाही. एवढं सांगितल्यावर समोरचा माणूस दोन मिनिटं विचार करायचा आणि म्हणायचा, मंग काय बिघडलं? आणि खरं सांगते, या प्रश्नाचं धड उत्तर मलाही देता येत नव्हतं. गाडी बंद पडली तर लोक ढकलायला येतात, पंक्चर झाली तर स्टेपनी काढून देतात, पण चालू गाडीचं रडगाणं कुणाला सांगणार?

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी, द्विशिक्षकी, पट एकतीस. राहते दारव्ह्याला, जाणं सत्तावीस किलोमीटर, येणं सत्तावीस, त्यातले शेवटचे चार किलोमीटर म्हणजे रस्ता म्हणायची पद्धत आहे म्हणून रस्ता. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरची चाकं रुततात अन् दिवाळीनंतर त्या चाकोऱ्या वाळून सिमेंटसारख्या कडक होतात, गाडी त्यातून निघते तेव्हा आतला माणूस पाखडल्यासारखा होतो. आधी स्कूटीनं जायची, मग कमरेनं असहकार पुकारला, मग एक जुनी छोटी कार घेतली, सेकंडहँड का थर्डहँड ते मी फार खोलात गेले नाही. विकणाऱ्यानं एकच चावी दिली, दुसरी हरवली म्हणाला. आणि ती जी एक दिली तीही ओरिजिनल नव्हती हे मला कळायला दोन वर्षं लागली.

आता जुडग्याबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे. मी प्रभारी मुख्याध्यापिका. प्रभारी म्हणजे पगार तोच, चाव्या जास्त. मेन गेटची, ऑफिसची, दोन वर्गखोल्यांची, लोखंडी कपाटाची, कपाटाच्या आतल्या खणाची, किचनशेडची, पोषण आहाराचा तांदूळ ठेवतो त्या खोलीची, मोटारीच्या पेटीची, मुलींच्या आणि मुलांच्या शौचालयाची, आणि दोन अशा की कशाच्या आहेत हे कुणालाच माहीत नाही, पण चार्जमध्ये मिळाल्या म्हणून फेकायची हिंमत होत नाही. त्यात माझ्या घराची, नवऱ्याच्या दुकानाच्या शटरची, आणि देवीवरून आणलेलं एक पितळी घुंगरू. हे सगळं एका रिंगमध्ये, आणि त्याच रिंगमध्ये गाडीची चावी. मला त्याचा अभिमानच होता. एकदा केंद्रप्रमुख म्हणाले होते, मॅडमच्या चाव्या कधी हरवत नाहीत. कशा हरवतील, अर्धा किलोमीटरवरून वाजायच्या.

नोव्हेंबरची गोष्ट. कापसाचा वेचा सुरू झालेला, बाया सकाळीच ओट्या बांधून वावरात गेलेल्या, तुरी फुलावर. सव्वादहाला शाळेपुढे गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, नेहमीसारखी चावी जरा आत दाबून मागे फिरवली आणि ओढली. नाही आली. परत दाबली, फिरवली, ओढली. नाही. गेटवर एकतीस पोरं (त्या दिवशी अठ्ठावीस, वेच्याच्या दिवसात मोठी पोरं लहान भावंडं सांभाळायला घरी राहतात), गेटला कुलूप, कुलपाची चावी जुडग्यात, जुडगा गाडीत लटकलेला. सर प्रशिक्षणाला गेलेले. सर नेहमी प्रशिक्षणालाच असतात.

पहिल्यांदा मी जे केलं ते कुणीही करेल, जोर लावला. दोन्ही हातांनी. चावीच्या काळ्या डोक्यावरची प्लास्टिकची टोपी जराशी हलली तेव्हा घाबरून सोडून दिली, ती तुटून दांडी आत राहिली असती तर मग संपलंच.

मग गाव आलं. गाव येतंच. पारावर बसलेले तिघं आधी, मग पानठेल्यावरचे, मग ट्रॅक्टर थांबवून एक जण, मग सरपंचबाईंचे मिस्टर, जे कुठल्याही घटनास्थळी सरपंचबाईंच्या आधी पोचतात. “मॅडम, तुमी जरा बाजूले व्हा.” हे वाक्य बाईमाणसाच्या गाडीला काही झालं की पहिलं येतं. मी बाजूला झाले. एकानं ओढून पाहिलं, दुसऱ्यानं ओढून पाहिलं, प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या आधीच्याला ओढता आलं नाही.

ट्रॅक्टरवाला भाऊ मात्र शहाणा निघाला. तो म्हणाला, “ओढू नोका. स्टेरिंग हालवा जरासंक अन् हालवता हालवता चाबी फिरवा.” आणि हे अगदी खरं आहे, मी नंतर वाचलं. चावी काढली की स्टीअरिंगच्या दांड्यात एक खिट्टी बसते, चोरानं गाडी ढकलत नेली तरी वळवता येऊ नये म्हणून. चाक दगडाला टेकून किंवा वळलेलं असताना गाडी उभी केली की त्या खिट्टीवर सगळा ताण येतो, आणि मग चावी ना फिरत ना निघत. अशा वेळी चाक अलगद डावीउजवीकडं करत चावी फिरवायची. दहातल्या बऱ्याच जणांचं काम एवढ्यानंच होत असेल. माझं नाही झालं. पुढचं चाक गेटच्या उतारावर तिरपं होतं, ते चौघांनी उचलल्यासारखं करून सरळही केलं. तरी नाही.

दिवाळीला पुण्याहून आलेला आणि अजून परत न गेलेला एक पोट्टा होता, तो खिशातून हात न काढता म्हणाला, “पी मध्ये टाका मॅडम, पी मध्ये असल्याशिवाय चाबी निघतच नाही.” त्याचंही चूक नव्हतं, ऑटोमॅटिक गाडीत तसंच असतं, गिअर पार्किंगच्या खाचेत गेल्याशिवाय चावी सुटत नाही आणि बॅटरी मेलेली असली की कधीकधी तिथं टाकूनही सुटत नाही. फक्त माझ्या गाडीत पी नाही, बी नाही, पाच गिअर आणि एक रिव्हर्स आहे, त्यातलाही तिसरा नाराजीनं पडतो.

मग तेलाचं पर्व. कुणी ग्रीस म्हणालं, कुणी रॉकेल म्हणालं (रॉकेल आता मिळते कुठं, पण सल्ल्यात अजून आहे). मी नको नको म्हणेपर्यंत समोरच्या घरातून खोबरेलाची बाटली आली आणि कुणीतरी दोन थेंब सोडले, दोन कसले, बाटली तिरपी झाली ती झालीच. गाडीत आंघोळीच्या दिवसासारखा वास सुटला. चावी जागेवर.

एवढ्यात साडेअकरा झाले. पोरं गेटबाहेर लंगडी खेळून राहिली होती, त्यांचं छान चाललं होतं. माझ्या डोक्यात मात्र एकच, की आता शाळा कशी उघडू, खिचडी कशी शिजणार, आणि आजच साहेब व्हिजिटला आले तर? सरपंचबाईंचे मिस्टर कुलूप तोडायची परवानगी द्यायला तयार झाले. दगड पण आला.

तेव्हा आमच्या स्वयंपाकवाल्या काकू आल्या. त्या रोज याच वेळेला येतात, डोक्यावर भाजी, कमरेला नात. त्यांनी गर्दीतून वाकून आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “चाबी नाई निंगत त राहू द्या ना थितंच. बाकीच्या चाब्या त रिंगीतून निंगतेत नं.”

पूर्ण सव्वा तास. मी बीएड झालेली, भोवती वीस पुरुष, त्यातला एक पुण्यात कंपनीत, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की रिंग वेगळी करता येते. काकूंनीच डोक्यातली पिन काढून रिंगेचं तोंड फाकवलं आणि एकेक चावी फिरवत फिरवत बाहेर काढली, पदरात घेतली. शेवटी गाडीत एक चावी आणि एक घुंगरू राहिलं. पुरुष मंडळी हळूहळू पांगली. दगड कुणी परत नेला ते दिसलं नाही.

दुपारी शेजारच्या गावचा मोटारसायकल दुरुस्त करणारा पोरगा आला. त्यानं चावीला हात पण लावला नाही, नुसतं पाहून म्हणाला, “मॅडम, हे माह्यं काम नोय, चाबीवाल्याचं होय. पन पूर्ण बंद नाई झाली हे, बारीक लाइट चालूच हाय. रातभर असंच राह्यलं त बॅटरी बसन.” त्यानं बॉनेट उघडलं, दहा नंबरचा पाना काढून बॅटरीचं एक टर्मिनल कसं सैल करायचं ते मला करून दाखवलं, आणि पाना मलाच देऊन गेला, पैसे नाही घेतले. मला आवडतात अशी माणसं, ज्यांना आपलं काम कुठं संपतं ते कळतं.

शाळा सुटल्यावर सगळ्यांचं म्हणणं पडलं की गाडी इथंच राहू द्या. सर्व्हिसवाल्या ऑटोनं जा, उद्या चाबीवाल्याले घेऊन या. “अन् चोरी गेली तर?” मी म्हटलं. यावर जे हसले लोक. “इथून कोन नेते मॅडम? आमचे ट्रॅक्टर वावरातच ऱ्हायतेत चाबी लावून.” ते खरं होतं, मी रोज पाहते. तरी माझा धीर झाला नाही. का नाही झाला याचा मी नंतर बराच विचार केला आणि तो विचार मला फारसा शोभणारा नव्हता. दोन वर्षं ज्यांची पोरं मी सांभाळते त्यांच्यावर एक जुनी गाडी सोपवायला माझं मन तयार नव्हतं. मी गाडी चालवतच दारव्ह्याला आणली. चाललीच की, मस्त चालली.

आणि दारव्ह्याला आल्यावर कळलं की खरी पंचाईत आता आहे. आमच्या घराला पार्किंग नाही, गाडी गल्लीत असते. लॉक करावी तर एकुलती एक चावी आत, मग उघडायची कशानं? उघडी ठेवावी तर चावी लावलेली गाडी, नुसतं या अन् न्या. टर्मिनल काढलं, पाना खिशात टाकला, आता गाडी चालूच होणार नाही म्हटलं. तर नवरा म्हणतो, ढकलून नेली तर? चावी आत आहे म्हणजे स्टेरिंग लॉक नाही. हे इतकं बरोबर होतं की मला राग आला. शेवटी तोच उशी घेऊन गाडीत झोपायला गेला, पाय खिडकीतून बाहेर. गल्लीतल्या कुत्र्यांनी रात्रभर त्याच्यावर पहारा दिला. सकाळी शेजारच्या आजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, काही भांडण झालं का गं?

मलाही झोप नव्हतीच. मोबाइलवर चावीबद्दल जे सापडेल ते वाचत पडले. कुठूनतरी तो फोटो निघाला, १४ डिसेंबर १९८३, इंदिरा गांधी पहिल्या मारुती ८०० ची चावी हरपालसिंगांच्या हातात देताना. आमच्या पिढीला गाडी म्हणजे तोच फोटो. मग वाचलं ते अमेरिकेतलं. तिथं २०१४ मध्ये एका बड्या कंपनीनं लाखो गाड्या परत बोलावल्या. त्यांचा चावीचा स्विच इतका सैल होता की खड्ड्याच्या हिसक्यानं नाहीतर जड जुडग्याच्या वजनानं चालत्या गाडीत चावी आपोआप मागे फिरायची, इंजिन बंद, स्टीअरिंग जड, आणि धडक झाली तर एअरबॅग पण उघडायची नाही. शंभराच्या वर माणसं गेली. आणि दुरुस्ती होईपर्यंत कंपनीनं गाडीवाल्यांना काय सांगितलं, तर रिंगमधून बाकी सगळं काढून टाका, गाडीची एकटी चावी ठेवा. रात्री दोन वाजता मी उठून बसले. म्हटलं, आमच्या काकू कुठल्या कंपनीत असत्या तर!

सकाळी बसस्टँडजवळच्या चावीवाल्या सरदारजींकडे गेले. आपल्याकडे तालुक्याच्या गावाला चाव्या करणारे बरेचसे शिकलीगर शीख असतात, नांदेडकडून पसरलेले. हे लोक मुळात हत्यारं घडवणारे, धार लावणारे, गुरू गोविंदसिंगांच्या फौजेला शस्त्रं करून देणारे. गुरुजींचा शेवट नांदेडला झाला, १७०८ साली. तलवारींचं काम गेलं आणि हातात कानस राहिली, ती आता चाव्यांवर चालते. एवढं मला माहीत होतं, पण मी कधी त्यांच्यापाशी पाच मिनिटं उभी राहिले नव्हते. चावी द्यायची, भाजी घेऊन यायची, चावी घ्यायची.

सरदारजी गाडीत बसले, नाक पुढं केलं आणि पहिलं वाक्य बोलले, “खोबरेल किसने डाला?” मी गावाचं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, तेल कधी टाकायचं नाही, तेलावर धूळ बसते, तुमच्याकडची काळी धूळ त्यात मळली की आत लापशी होते. कसलासा स्प्रे मारला, थांबले. मग चावी आत दाबून धरली आणि पेचकसाच्या मुठीनं तिच्या डोक्यावर टकटक टकटक, अगदी हळू, अंडं फोडतात तसं, आणि दुसऱ्या हातानं मागे फिरवत राहिले. दोन मिनिटं. मग बारीक ‘कट्’ असा आवाज आला आणि चावी त्यांच्या बोटात आली. मी काल सकाळपासून जे ओढत होते ते त्यांनी ओढलंच नाही.

आत काय असतं ते त्यांनी मला एका जुन्या खोललेल्या लॉकवर दाखवलं. पितळेच्या पातळ पत्र्या असतात ओळीनं, प्रत्येकीखाली एवढीशी स्प्रिंग. चावीचे दाते त्या पत्र्यांना बरोबर एका पातळीत आणतात तेव्हा तो गोल गट्टू फिरतो. फिरला की पत्र्या वरखाली व्हायला जागाच नाही, चारी बाजूंनी भिंत, म्हणून मग चावी धरून ठेवली जाते. मुद्दामच केलेलं आहे ते, चालत्या गाडीत चावी निसटू नये म्हणून. गट्टू पूर्ण मागे, शेवटच्या खुणेवर आला तरच पत्र्यांना हलायला जागा मिळते अन् चावी सुटते. माझा गट्टू त्या खुणेच्या तांदळाच्या दाण्याएवढा अलीकडे थांबत होता. बस. एवढंच. एका दाण्यासाठी नवरा रात्रभर गाडीत.

आणि का थांबत होता, तर चावी झिजलेली. “ये डुप्लिकेट की डुप्लिकेट है मॅडम.” झिजलेल्या चावीवरून चावी केली की झीज पण कॉपी होते, मग ती अजून झिजते, मग तिच्यावरून अजून एक. मला शाळेतल्या झेरॉक्स प्रश्नपत्रिका आठवल्या, झेरॉक्सची झेरॉक्स काढत काढत शेवटी गाळलेल्या जागा पण गळून जातात. त्यांनी जुन्या चावीवरून केलीच नाही, गट्टूतल्या पत्र्या पाहून दात्यांची उंची काढली आणि कोरी चावी त्या मापानं घासली.

मग त्यांनी विचारलं, यात अजून काय काय लटकवत होता? मी पिशवीतून काकूंनी सोडवलेल्या चाव्या काढून दाखवल्या. सरदारजींनी त्या हातात घेऊन जोखल्यासारख्या केल्या आणि शेजारच्या सांभारवाल्या, म्हणजे कोथिंबीर विकणाऱ्या बाईच्या काट्यावर नेऊन ठेवल्या. तीनशे चाळीस ग्रॅम. “पूरा गाँव लटकाया है आपने,” ते म्हणाले. सांभारवाली म्हणाली, एवढ्यात त दीड पाव सांभार येते. ते वजन दोन वर्षं, दिवसातून दोनदा, त्या चार किलोमीटरच्या चाकोऱ्यांत, एका पितळी गट्टूला हिसके देत होतं. उगाच नाही तो रुसला.

तेव्हापासून दोन रिंगा आहेत. गाडीची चावी एकटी, नागडी, तिला घुंगरू पण नाही. महिन्यातून एकदा तिच्यावर शिसपेन्सिल घासते, पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइटच, ते कोरडं वंगण, धूळ धरत नाही, हे पण सरदारजींनीच सांगितलं. शाळेत पेन्सिलींना तोटा नाही. पहिल्या वेळी पहिलीतला एक जण बराच वेळ बघत होता, मग बाकीच्यांना जाऊन म्हणाला, मॅडम चाबीवर अभ्यास लिहून राह्यल्या.

आणि दुसरी रिंग, शाळेची. ती आता गाडीत लटकत नाही म्हणून ती घेतल्याशिवाय गाडी सुरू होते. हे माझ्या लक्षात आलं जानेवारीत, २६ जानेवारीच्या तालमीच्या दिवशी, शाळेच्या गेटपुढे उतरल्यावर. जुडगा दारव्ह्याला फ्रिजवर. सत्तावीस किलोमीटर. ढोल गेटच्या आत, लेझीम आत, झेंड्याची दोरी आत, पोरं बाहेर, पांढरे शर्ट घालून.

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी नात खाली ठेवली, गेटपाशी गेल्या, कुलूप मुठीत धरलं, खाली ओढून डावीकडे एक झटका दिला. कुलूप उघडलं. मी पाहतच राहिले.

“हे असं उघडते?”

“पयल्यापासूनच उघडते मॅडम.”

“अन् मला कोणी सांगितलं नाही?”

काकू जरा लाजल्या. “तुमी रोज इतक्या जपून आनता थ्या चाब्या. म्हटलं कायले सांगावं.”

“किचनचं पण?”

“किचनचं बी.”

मी लोखंडी कपाटाचं विचारणार तेवढ्यात मागून चौथीतला एक जण म्हणाला, “कपाटाचं नाई उघडत मॅडम. आमी पाह्यलं करून.”